आनंदराव घरी आहेत का

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सकाळी चिंधू लांजेवार आपली जुनी स्कूटर घेऊन भिलाईतल्या हुडको वसाहतीच्या बाजारात पाटी आणायला गेला. पाटी तयार होती. दुकानदाराने ती फडक्याने पुसून काउंटरवर उभी केली. काळा ग्रॅनाइट आणि त्यावर सोनेरी अक्षरं, आनंदराव लांजेवार. चिंधूने ती दोनदा वाचली. दुकानदाराने सहज विचारलं, हे साहेब कोण, तुमचे वडील का. "मैं ही हूँ," चिंधू म्हणाला, आणि म्हणताना लग्न ठरलेल्या पोरासारखा लाजला.

माणूस साठीचा. पोलाद प्लांटच्या रेल मिलमध्ये क्रेन चालवण्यात सदतीस वर्षं गेली. महिनाअखेरीस निवृत्त होणार. अशा वयात नवं नाव मिळालं की माणूस लाजणारच.

जुन्या नावाची गोष्ट आपल्याकडच्या पुष्कळ घरांत सापडेल. ज्या घरात मुलगे जगत नाहीत, तिथे पुढच्याला चांगलं नाव ठेवायचं नाही. धोंडू म्हणायचं, केरू म्हणायचं, चिंधू म्हणायचं. मरणाने दारात येऊन डोकावलं तरी त्याला वाटावं, हे असलं फाटकंतुटकं कशाला न्यायचं. भंडाऱ्यात साकोलीकडच्या एका गावात लांजेवारांचे तीन मुलगे वर्षाच्या आत गेले होते. चौथ्याला जन्मताच सुपात घालून उकिरड्यावर ठेवला, सुईणीने तो 'सापडला' म्हणून उचलला, आणि आईने सूपभर धान देऊन तिच्याकडून परत घेतला. म्हणजे पोर आपलं नाहीच, उकिरड्यावरचं. नाव चिंधू.

नावाने पोराला जगवलं असेल नसेल, पण छळलं मात्र खूप. भिलाईत हजेरी घेणारे एकाहून एक. एक साहेब विचारायचा, चिंदी यानी कपड़े वाली? दुसरा चिंदीलाल म्हणायचा. एकदा चिंधूला सुरक्षेचं बक्षीस मिळालं, तेव्हा मंचावरून नाव पुकारलं गेलं आणि अख्खा हॉल हसला. चिंधूही हसला. घरी येऊन मात्र त्याने ते प्रमाणपत्र ट्रंकेत तळाशी घातलं. त्याला वाईट वाटत होतं, फार वाईट वाटत होतं, आणि ते त्याने कोणाला सांगितलं नाही. जाता जाता एकदा तरी आपलं नाव मंचावरून नीट घेतलं जावं, लोकांनी न हसता टाळ्या वाजवाव्यात, एवढीच त्याची इच्छा राहिली होती.

एरवी हा माणूस कशाला भिणारा नव्हता. बरोबरची सगळी लोखंड वितळवणारी माणसं, पण क्रेनच्या हुकाला लिंबू-मिरची बांधल्याशिवाय शिफ्ट सुरू करायची नाहीत. हरेलीच्या, म्हणजे छत्तीसगढी सणाच्या अमावास्येला शेजारपाजारचे लोक चौकटीत लोखंडी खिळा ठोकून घेत. दिवसभर टनांनी लोखंड काढायचं आणि रात्री एका खिळ्याच्या भरवशावर झोपायचं, याचं चिंधूला हसू यायचं. हुकाचं लिंबू सोडून त्याने डब्यातल्या चण्यांवर पिळून खाल्लं होतं, तेही एकदा नव्हे. हुक आता याच्याच डोक्यावर पडणार म्हणून लोक वाट पाहत राहिले. हुक पडला नाही. एकदा शिडीवरून पाय घसरला, तेव्हापासून डावा पाय किंचित ओढत चालायचा, एवढंच. त्याची मोठी बहीण सिंधुताई म्हणायची, त्याले त्याचं नाव राखते.

नाव बदलायचं मुलाने, प्रवीणने, मनावर घेतलं. हुडकोत त्याने घर घेतलं होतं, क्वार्टर सोडून सगळे तिथे राहायला आले होते, आणि गेटवर 'चिंधू' लिहायला त्याचा जीव धजेना. प्रतिज्ञापत्र झालं, पेपरात जाहिरात झाली, राजपत्रात छापून आलं, प्लांटच्या कागदांतही नोंद झाली. नात टीनाने मोबाइलवर नावांची यादी काढली आणि चिंधूने स्वतःच 'आनंदराव'वर बोट ठेवलं. सिंधुताईला कोणी विचारलं नाही. सत्तरी ओलांडलेली विधवा बाई, तिला काय विचारायचं?

पाटी लागली तेव्हा ती ओट्यावर गवारीच्या शेंगा मोडत होती. तिने टीनाकडून नाव वाचून घेतलं. हात थांबले.

"नाव ठेवलं तुमी त्याचं?" एवढंच ती म्हणाली, आणि शेंगा तशाच टाकून आत गेली.

तिसऱ्या दिवशी दुपारी चिंधू ड्यूटीवर असताना कोणी तरी आलं. टीना नेहरू नगरातल्या कोचिंग क्लासवरून नुकतीच परतली होती. संध्याकाळी तिने आजोबांना सांगितलं, एक अंकल आले होते, आनंदराव घरी आहेत का म्हणून विचारत होते.

चिंधूला केवढा आनंद झाला म्हणून सांगू. नुसतं 'आनंद' नव्हे, 'आनंदराव' म्हणाला का, हे त्याने पुन्हा विचारून घेतलं. टीना म्हणाली, हो, एकदम रिस्पेक्टने. पांढरा शर्ट होता, हातात कापडी पिशवी होती. बाहेर पावसाचा चिखल होता, पण पाय स्वच्छ होते. पाणी मागितलं त्यांनी. तिने पितळी पेला भरून दिला, तर थोडा वेळ हातात धरला आणि तसाच भरलेला परत केला. पुन्हा येतो म्हणाले.

सिंधुताई डाळ निवडत होती. "काठोकाठ?" तिने विचारलं. टीना म्हणाली, हो मोठी आजी, एक थेंब पण नाही प्यायले.

चिंधूने आठवून पाहिलं. बँकेतला असेल, विम्याचा असेल, युनियनचा असेल. पण मनातून तो सुखावला होता. रात्री पाटीसमोर उभा राहून त्याने उगाचच तिच्यावरचा पाऊस बाहीने पुसला.

पुढच्या आठवड्यात तो माणूस परत आला. तीच दुपारची वेळ. पहिल्यांदा तो गेटबाहेर उभा राहिला होता, या वेळी आत ओट्यापर्यंत आला. शेजारच्या वसुंधराताईंनीही त्याला पाहिलं. त्या मूळच्या नागपूरच्या, त्यांचे यजमान प्लांटमध्ये अधिकारी होते. त्यांना तो माणूस सभ्य वाटला. तेच विचारलं त्याने, आनंदराव घरी आहेत का. पाणी मागितलं. पेला भरलेलाच परत दिला.

त्या संध्याकाळी सिंधुताईने चिंधूला आणि प्रवीणला समोर बसवलं. लाइट गेली होती. टीनाने मेणबत्ती लावून ताटलीत चिकटवली आणि तीही दाराशी बसली. बाहेर गटाराचं पाणी वाहत होतं, तेवढाच आवाज. सिंधुताई मेणबत्तीकडे पाहून बोलत होती.

"मोरेश्वर झाला तवा मी लहान होती. दुपारचा एक मानूस आला. मोरेश्वर घरी आहे का, म्हने. मायनं सांगतलं, हाये नं बावा, पाळन्यात झोपला. त्यानं पानी मांगतलं. भरला पेला तसाच वापस केला. आठ दिवसांनी आला, तसंच. तिसऱ्या खेपेले आला, तवा पानी पेला तो. सारं पेला. रिकामा पेला खाली ठेवला नं गेला… दिवस बुडाले पोरगं थंड."

प्रवीण काही बोलणार होता. तिने हात वर केला.

"पुंडलिकच्या येळी तोच आला. जयरामच्या येळी तोच. माय भोळी होती, दारातल्या मानसाले नाही म्हनाची सवय नव्हती तिले."

मग चिंधू झाला. सुपाचं, उकिरड्याचं सगळं करून झालं. बाराव्या दिवशी दुपारी तो माणूस आला आणि त्याने विचारलं, नाव काय ठेवलं. आई या वेळी शहाणी झाली होती. ती म्हणाली, नाव कशाचं, पोरगंच नाही, उकिरड्यावरची चिंधी आहे. तो बराच वेळ पाळण्याकडे पाहत राहिला, असं सिंधुताईने सांगितलं. ती तेव्हा अकरा वर्षांची होती आणि दाराआड उभी होती.

"मंग म्हने… ठीक आहे. नाव ठेवाल तवा येतो."

प्रवीण म्हणाला, आत्या, त्या काळी हगवण होती, हिवताप होता, डॉक्टर नव्हता. तेही खरंच होतं. सिंधुताईने त्याला खोडून काढलं नाही. ती फक्त म्हणाली, दोन खेपा झाल्या आहेत.

चिंधू हसला. पण आपल्याच हसण्याचा आवाज त्याला आवडला नाही. तीन भाऊ गेले हे त्याला ठाऊक होतं. त्या माणसाचं आजवर कोणी बोललं नव्हतं.

"बाई, इतके वर्सं कावून नाही सांगतलं?" त्याने विचारलं.

"तुले नाव नव्हतं, म्हनून."

दुसऱ्या दिवशी सकाळी चिंधूने स्वतः पेचकस घेऊन, स्क्रू पिळून पाटी काढली. बहिणीच्या समाधानासाठी काढतो असं त्याने प्रवीणला सांगितलं, आणि पाटी मागच्या अंगणात कपडे धुवायच्या जागी पालथी टाकली. लिंबू खाणारा माणूस, पण त्या रात्री तो झोपला नव्हता. राजपत्र मात्र पेचकसाने निघत नाही. नाव परत बदलायला सहा महिने तरी लागतील, असं प्रवीणने चौकशी करून सांगितलं.

सिंधुताईला तेवढा धीर नव्हता. तिने ठरवलं, चिंधूला पुन्हा उकिरड्यावर टाकायचा आणि पुन्हा विकत घ्यायचा. सुईण कुठून आणायची? वसुंधराताईंना विचारलं. त्यांना आधी थट्टा वाटली. मग सिंधुताईचा चेहरा पाहून त्या म्हणाल्या, येते. योगा करणारी, दोन पेपर वाचणारी बाई. पण रस्त्यातलं लिंबू मीही ओलांडत नाही, असं त्यांनी हळूच कबूल केलं.

रविवारी सकाळी, गल्लीच्या कोपऱ्यावर जिथे कचरागाडी थांबते तिथे, सिंधुताईने नवं सूप ठेवलं आणि साठ वर्षांच्या भावाला म्हणाली, बस. एक गाय तिथे केळीची सालं खात होती, तिनेसुद्धा मान वर करून पाहिलं. चिंधू आधी डावा पाय लांब करून मग बसला. पायजमा, बनियन, पांढऱ्या मिशा. बाळाचं वजन त्र्याहत्तर किलो. सूप कडकन मोडलं.

वसुंधराताईंना हसू फुटलं. सिंधुताई हसली नाही. मोडलेल्या कामट्यांकडे पाहताना तिचा चेहरा उतरला. दुसरं सूप घरात नव्हतं, आणि सुरू केलेलं काम मधे सोडायचं नसतं. मग वसुंधराताईंनी ठरलेलं वाक्य म्हटलं, हे मला उकिरड्यावर सापडलं, कोणाचं आहे. सिंधुताई म्हणाली, माझं नाही, पण मला द्याल का. पदरातले तांदूळ तिने त्यांच्या ओटीत टाकले आणि चिंधूचा हात धरून, मागे न पाहता, त्याला घरी आणलं. दारातच तिने बजावलं.

"आता त्या नावाले ओ देजो नको. कोनीबी हाक मारू दे."

चिंधूने मान डोलावली. बहिणीने हात अजून सोडला नव्हता, आणि लहानपणी ती आपल्याला असंच शेतावर न्यायची हे आठवून त्याला भरून आलं. तो तिच्यासाठी वाटेल ते करायला तयार होता.

त्यानंतर दोन आठवडे कोणी आलं नाही. पोळा होऊन गेला. दाराशी लावलेल्या पळसाच्या फांद्या सिंधुताईने पहाटे गल्लीबाहेर नेऊन टाकल्या, ईडा पिडा घेऊन जा गे मारबत, असं पुटपुटत. घर पुन्हा हसूखेळू लागलं.

एकतीस तारखेला निरोप समारंभ होता. प्रवीणने ऑफिसात जाऊन विनंती केली होती की वडिलांना जुन्याच नावाने बोलवा. तिथल्या बाबूने सांगितलं की कॉम्प्युटरमध्ये नवं नाव आहे, तेच छापून येणार, पण साहेबांना सांगून ठेवतो. प्रवीणला त्या दिवशी कामासाठी रायपूरला जावं लागलं. सिंधुताई चिंधूला म्हणत होती, समारंभाला जाऊ नको. चिंधूने मात्र इस्त्रीचा शर्ट घातला. सदतीस वर्षांचा शेवटचा दिवस होता तो. ज्याने दिवस काढले त्यालाच कळेल.

दुपारी चारला हॉल भरला. अकरा जण निवृत्त होणार होते. चिंधूशेजारी त्याच्याच मिलमधला प्रफुल्ल बसला होता, वयाने लहान, त्याला काका म्हणणारा. नावं पुकारली जात होती, शाल, श्रीफळ, मानपत्र, फोटो. सहावं नाव झालं. साहेबांनी कागद उलटला आणि वाचलं, "श्री आनंदराव लांजेवार."

बाबूने सांगितलं नसेल, किंवा साहेब विसरले असतील. हॉलमध्ये कोणी हसलं नाही. टाळ्या पडल्या, चांगल्या कडकडून पडल्या. चिंधूने खुर्चीचा हात घट्ट धरला. साहेब मानपत्र वाचू लागले. सदतीस वर्षं, क्रेनचा एकही अपघात नाही, आनंदरावजींचं योगदान. त्याने आयुष्यभर वाट पाहिली होती ती हीच हाक होती, आणि तिला ओ द्यायची नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

"आनंदरावजी, मंच पर आइए," साहेब पुन्हा म्हणाले.

चिंधू बसून राहिला. मागे, शेवटच्या रांगेत, खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मधल्या वाटेने एक माणूस चालत पुढे गेला. चिंधूला फक्त पाठ दिसली. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. शांतपणे, घाई न करता तो चालला होता, आणि चालताना डावा पाय किंचित ओढत होता. पायऱ्या चढून तो साहेबांसमोर उभा राहिला. साहेबांनी शाल घातली, नारळ दिला. तो वाकला, सरळ झाला, मानपत्र घेतलं. फोटोवाल्याने त्याला इकडे पाहा म्हटलं तेव्हा चिंधूने मान खाली घातली. पाहायची हिंमत झाली नाही.

ओ न देणं चिंधूच्या हातात होतं. ओ दुसऱ्याच कोणी दिली तर काय करायचं, हे सिंधुताईने सांगितलं नव्हतं, कारण ते तिलाही माहीत नव्हतं.

डोकं वर केलं तेव्हा सातवं नाव चाललं होतं. प्रफुल्ल टाळ्या वाजवत होता. मग त्याने सहज बाजूला पाहिलं आणि दचकला.

"काका… तुम्ही तर आत्ता शाल घेऊन बाहेर गेले नं?"

चिंधू उठला आणि लोकांच्या गुडघ्यांना अडखळत हॉलबाहेर आला. दारात दोघातिघांनी अभिनंदन केलं, मंचावर फार शोभलात म्हणाले. पार्किंगमध्ये स्कूटर पहिल्या किकला सुरू झाली नाही, दुसऱ्याला नाही, सातव्या-आठव्याला झाली.

हुडकोच्या गल्लीत तो शिरला तेव्हा दिवस बुडायला आला होता. टीना गेटजवळ फोनवर बोलत होती. त्याला पाहून तिने फोन कानापासून दूर केला.

"आजोबा, तुम्ही परत कधी बाहेर गेलात?" तिने विचारलं. "आत्ता तर आलात नं. मी शाल पण बघितली."

"पानी मांगतलं का मी?" चिंधूने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच ऐकू आला नाही.

टीना हसली. "हो. मी इथेच आणून देत होती. तुम्ही बोलले, नको, आता आत बसून पितो."

ओट्यावर नारळ होता. चपलांचा एक जोड दाराशी नीट लावून ठेवला होता, त्याच्याच मापाचा, तळवे कोरडे. आत स्वयंपाकघरात दिवा लागला होता आणि भाकरी थापल्याचा आवाज येत होता. चिंधू उंबऱ्याशी थांबला. त्याने बहिणीला हाक मारायला तोंड उघडलं.

तेवढ्यात आत पितळी पेला फरशीवर ठेवल्याचा आवाज झाला, रिकामा वाजतो तसा, आणि सिंधुताईने मायेने विचारलं, "अजून देऊ का पानी, चिंधू?"